लोणावळ्यात हॉलचा सोफा बदलताय? आधी पावसाळा आठवा

लोणावळा साधारण 620 मीटर उंचीवर, थेट घाटमाथ्यावर आहे. वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वडगाव-तळेगावकडे तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे पुण्याच्या शोरूममध्ये आवडलेला सोफा इथे टिकेलच असं नाही.

खरा त्रास दमट हवेचा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेली फळी. ओल शोषली की ती फुगते, स्क्रू सैल होतात आणि वाळल्यावरही ती पूर्ववत होत नाही. सागवान किंवा आयएस 710 चा मरीन प्लाय महाग पडतो, पण पैसे इथेच घालावेत. सोफा पायांचा घ्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागेखाली हवा खेळते आणि बुरशीला आळा बसतो. कव्हर काढून धुता येणारं हवं.

घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर बैठक जमिनीपासून 17-18 इंच उंच बघा. खोल, बुटके सोफे फोटोतच छान दिसतात!

आता रंग. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात उजेड करडा असतो. त्यात भिंत करडी, सोफाही करडा, म्हणजे भर दुपारी दिवा लावा. मोहरी, विटकरी असे उबदार रंग तिथे उठून दिसतात. आधी कापड ठरवा, मग भिंतीचा रंग. रंगाच्या छटा हव्या तेवढ्या मिळतात, कापडाच्या नाही. रंगकाम मात्र भिंती वाळल्यावर, दिवाळीनंतर.

आणि घरात जुना सागवानी सोफा असेल तर फक्त फोम आणि कापड बदला.