जाळे विकण्याआधी पाणी पाहा

होळी झाली की आमच्या दुकानात जाळ्याची चौकशी सुरू होते. जुन्नर, घोडेगाव, मंचर भागातले आपले काही व्यापारी बंधू कापड-दोरीबरोबर जाळेही ठेवतात. आम्ही कापडवाले, पण जाळे हेही शेवटी सुताचेच काम, म्हणून हे लिहितो.

आधी पाणी. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या धरणांतून उन्हाळ्यात कालव्यांना आवर्तने सुटतात. पावसाळी गाळ तोवर तळाशी बसलेला असतो. पाणी नितळ होते आणि उतरत जाते. नितळ पाण्यात जाड सूत माशाला दिसते, म्हणून बारीक धागा हवा आणि जाळे सांजेला टाकून पहाटे काढायला हवे. काश्मीरच्या थंड नद्यांत शौकीन लोक गळाला पिसांची खोटी माशी बांधून ट्राउट पकडतात, तेही वसंतात पाण्याचा रंग पाहूनच माशी निवडतात. ट्राउट आपल्या उष्ण पाण्यात जगत नाही, पण नियम तोच.

कापडात काउंट वाढला की सूत बारीक होते. नायलॉनचा हिशेब उलटा आहे. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. आकडा मोठा तर धागा जाड. जाळ्याला 210 डेनिअरचे दोन-तीन पदर पिळून घेतात. एकतारी तंगूस मिलिमीटरमध्ये मोजतात. तंगूस पाण्यात कमी दिसतो, पण पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुने बांध जवळ येतात, त्यात तो अडकून तुटतो. गिऱ्हाईक जाळे कुठे टाकणार, हे विचारून माल द्यावा.

खरी गफलत आसाच्या मापात होते. माशाचे डोके आसातून जाते, अंग जात नाही आणि मागे फिरताना तो कल्ल्यात अडकतो. म्हणजे कोणता मासा मिळणार हे आसच ठरवतो. आता हे माप कोणी गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत घेतो, कोणी आस पूर्ण ताणून समोरासमोरच्या गाठींत घेतो. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. आम्ही एकदा नुसते 'दोन इंची' लिहून माल मागवला. आमच्या मनात गाठ ते गाठ होते, आला तो ताणून दोन इंचाचा. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने हातात घेऊन परत ठेवला. म्हणाला, "चाचा, यात वीतभर पिलं येतील." तो गठ्ठा दोन वर्षे माळ्यावर पडून होता.

त्याचे म्हणणे बरोबर होते. कटला, रोहू, मृगळ यांना वीण घालायला पुराचे वाहते पाणी लागते. धरणाच्या साठलेल्या पाण्यात बीज बहुधा विकत आणूनच सोडावे लागते. डिंभ्यात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या आदिवासींनी 'शाश्वत' संस्थेच्या साथीने मच्छीमार सहकारी सोसायटी उभी केली. शाश्वतला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. अशा सोसायटीचा पैसा बीजात गुंतलेला असतो. उन्हाळ्यात पाणी आटले की पिले थोड्या जागेत दाटतात. बारीक आसाने पाटी एका दिवसात भरेल, पण पुढच्या मोसमात मासळी कुठून येणार? आणि आपली उधारी तरी कशातून वसूल होणार?

जाळे दोरावर चढवताना घागऱ्यासारख्या चुण्या लागतात. ताणलेले शंभर मीटर जाळे साधारण पन्नास मीटर दोरावर बसवावे. तंग बसवले तर मासा धडकून परत जातो.

माल ओळखायचा तर तुकडा पाण्याच्या भांड्यात बुडवून सोडा. नायलॉन खाली बसते, पॉलिप्रॉपिलीन वर तरंगते, म्हणून ते वरच्या दोराला चांगले. नायलॉन उन्हाने कमजोर होते. दुकानाबाहेर महिनाभर टांगलेला नमुना गिऱ्हाइकाला देऊ नका, आणि जाळे सावलीत वाळवायला सांगा.