गाड्यांचा अर्धवेळ कारभार : सुरुवात कशी करावी ?



हंगाम तोंडावर आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. गावातल्या तिघा-चौघांच्या मिळून पाच-सहा गाड्या कारखान्याच्या वाहतुकीला लागतात. मालक शेतीत गुंतलेले. मग ते एखाद्या लिहित्या-वाचत्या सभासदाला म्हणतात, "भाऊ, सकाळचे दोन-तीन तास आमच्या गाड्यांचं तुम्ही पाहा, महिन्याचं काय ते ठरवू." काम घरबसल्या होण्यासारखे दिसते आणि वरकड चार पैसे मिळतात. हे काम धरावे काय, आणि धरले तर कसे करावे, हे या लेखात सांगायचे आहे. प्रस्तुत लेखकाने राजापेठेतल्या खोलीवर बसून काही हंगाम हेच काम केले आहे, आणि त्यात ठेचही खाल्ली आहे.

प्रथम हे काम आपल्या सर्वांच्या खिशाशी कसे जोडलेले आहे ते पाहू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचा किमान भाव कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाचा धरतात. म्हणून आपल्या राज्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. गाडी यार्डात उगाच उभी राहिली, खेप वाया गेली, तर तो भुर्दंड शेवटी कास्तकाराच्याच माथी येतो. शिवाय तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा हे धोरण त्यासाठीच आहे. तेव्हा टोळी कोणत्या वावरात आहे, गाडी किती वाजता भरेल, यार्डात नंबर केव्हा लागेल, याचा मेळ घालणे हे कारभाऱ्याचे पहिले काम होय.

दुसरे काम कागदांचे. एक साधी वही घ्यावी. प्रत्येक गाडीला एक पान. त्यावर विमा, फिटनेस (ज्याला आपण पासिंग म्हणतो), परमिट, कर आणि धुराची तपासणी यांच्या मुदतीच्या तारखा लिहाव्यात. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचे मिळते, त्यापुढे दर वर्षी करावे लागते. त्याच पानावर ड्रायव्हरच्या लायसनची तारीख लिहावी. भाड्याची गाडी चालवण्याचे लायसन पाच वर्षांचे असते आणि ते संपल्याचे ड्रायव्हर आपण होऊन सांगत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला वही उघडून वाचावी. आता मोबाईलवर एम-परिवहनमध्ये गाडीचा नंबर टाकूनही तारखा दिसतात. पण पाहणारा पाहील तेव्हा. शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढायला लावायचा असेल तर त्याची नोंदणी आणि विमा त्या कामाला चालतो की नाही, हे हंगामाआधीच लेखी विचारून घ्यावे.

तिसरे काम वजनाचे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात भरल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. कारखान्याची काटापावती रोज खरे वजन सांगते. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. समजा, पुस्तकात १८,५०० किलो आहे आणि काट्यावर २१,५०० किलो भरले. तीन टन जादा झाले. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे हा हिशोब २६,००० रुपयांवर जातो, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. आणि कायद्याची भाषा नीट ध्यानात घ्यावी : जो चालवतो तोच नव्हे, तर जो चालवू देतो किंवा चालवायला लावतो तोही जबाबदार आहे. "मी तर सकाळी दोनच तास असतो जी" हे उत्तर तिथे चालत नाही.

चौथे काम माणसांचे, आणि हेच सर्वात अवघड. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विसावा अशी मर्यादा घालून दिली होती. आता कामगार कायद्यांची नवी मांडणी झाली आहे. पण माणसाचे डोळे त्याच हिशोबाने मिटतात.

इथेच माझी चूक झाली. पहिल्याच हंगामात रात्री दहाला एका ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, एकच खेप अजून मारून येतो, मंग झोपतो." तो पहाटेपासून गाडीवर होता, हे मला ठाऊक होते. मालकाला खेप हवी होती, मी "ये मारून" म्हणालो. पहाटे गाडी रस्त्याखाली उतरली. ड्रायव्हरचा पाय मोडला आणि मागून येणारा मोटारसायकलवाला जखमी झाला. विमा कंपनीने सर्वांत आधी लायसन मागितले. त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. भरपाईचा बोजा शेवटी मालकावर आला. मालक मला एक शब्द बोलला नाही, पण वही तेव्हा असती तर ती गाडी निघालीच नसती, हे मला कळत होते.

रस्ते सुधारले म्हणून निर्धास्त राहू नये. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला की मागून येणाऱ्याचा वेग वाढतो. अशा रस्त्यावर मागे दिवा नसलेली, उसाच्या मोळ्या बाहेर आलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. मागचा दिवा आणि लाल चकाकणारी पट्टी पाहिल्याशिवाय संध्याकाळनंतर ट्रॉली वावरातून हलू देऊ नये. पट्टीला खर्च फार नाही.

हंगाम संपल्यावर याच गाड्या वरुड-मोर्शीचा संत्रा, कापसाच्या गाठी, पोती ओढतात. लोकांचा माल पावती देऊन नियमित नेण्याचा धंदा करायचा तर २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याखाली नोंदणी लागते. परराज्यात जाणारा ५०,००० रुपयांवरचा करपात्र माल असेल तर ई-वे बिल २०१८ पासून आवश्यक आहे. ते ड्रायव्हरजवळ आहे ना, हे गाडी निघण्यापूर्वीच पाहावे.

युरोपात या कामाला परीक्षा पास व्हावी लागते. २०११ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमाप्रमाणे बाहेरून नेमलेला व्यवस्थापक फार तर चार धंद्यांच्या मिळून पन्नास गाड्या पाहू शकतो. एका माणसाचे लक्ष कुठवर पुरते, हे त्यांनी कायद्यातच लिहून ठेवले. आपल्याकडे अशा परीक्षेची अट नाही. म्हणून आपली मर्यादा आपणच ठरवावी लागते. दोन-तीन तासांत पाच-सहा गाड्या नीट पाहून होतात, त्यापुढे नुसत्या सह्या होतात.

आता काम धरण्यापूर्वीच्या दोन अटी सांगतो. एक, मोबदला महिन्यावर ठरवावा, खेपेवर ठरवू नये. खेपेवर ठरवला की जादा वजन आणि जादा खेप यांकडे आपलाच डोळा झाकला जातो. दोन, गाडी थांबवण्याचा अधिकार मालकांकडून अर्ध्या पानावर लिहून घ्यावा : कागदाची मुदत संपली, ड्रायव्हर थकला, दिवा बंद पडला, तर कारभारी गाडी उभी करील आणि मालक त्यावर वाद घालणार नाही. हे लिहून देण्यास मालक राजी नसेल तर तो आपला सख्खा मामा असला तरी काम धरू नये. पगार अर्ध्या दिवसाचा असला तरी जबाबदारी चोवीस तासांची आहे, आणि अधिकाराशिवाय जबाबदारी म्हणजे दुसऱ्याच्या बैलाचे दावे आपल्या गळ्यात.

या हंगामात ज्या सभासदांनी हे काम पत्करले असेल त्यांनी आजच वही घालावी आणि पहिल्या पानावर लायसनच्या तारखा लिहाव्यात, एवढीच विनंती.