प्रतिपिंड खरं सांगतंय कशावरून?

एपोई हे रक्तात चरबी वाहून नेणारं प्रथिन, 299 अमिनो आम्लांची साखळी. त्याचे ई-3 आणि ई-4 हे प्रकार फक्त 112 व्या जागी वेगळे: एकात सिस्टीन, दुसऱ्यात आर्जिनिन. ई-4 असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त, म्हणून ते नेमकं ओळखणारं प्रतिपिंड प्रयोगशाळेला हवं असतं.

पण खूण उमटली म्हणजे एपोईच सापडलं का? प्रतिपिंड दुसऱ्या प्रथिनालाही चिकटू शकतं. नैयायिक धुरावरून अग्नी सिद्ध करताना स्वयंपाकघरासोबत तळ्याचाही दृष्टांत देतात: अग्नी नाही, तिथे धूरही नाही. आपलं तळं म्हणजे एपोईचं जनुक काढून टाकलेल्या पेशी. तिथेही खूण दिसली, तर त्या प्रतिपिंडाची साक्ष धरता येत नाही. ई-4 साठी आणखी एक तळं लागतं: फक्त ई-3 असलेला नमुना. जो साक्षीदार ‘नाही’ म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘होय’ला काय किंमत?