दबक्या पावलांचं स्वातंत्र्य

१९८७ साली जपानच्या कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा युद्धाचा गेम करत होते. एमएसएक्स२ या संगणकाला पडद्यावर एकाच वेळी फार सैनिक आणि गोळ्या पेलत नव्हत्या. कोजिमांनी लढाई कमी केली आणि लपणं वाढवलं. ‘मेटल गिअर’मध्ये शत्रूची नजर चुकवत पुढे सरकायचं होतं. अशा स्टेल्थ गेममध्ये खेळाडू एकटा असतो, समोर पहारा मोठा. त्यामुळे प्रत्येक पाऊल विचारपूर्वक निवडावं लागतं. या निवडीचा पाया लेव्हलच्या रचनेत असतो. जागा वाचता आली तरच निवड खरी ठरते, हे या प्रकारातल्या उत्तम गेमनी वारंवार सिद्ध केलं आहे.

लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ (१९९८) या बाबतीत आजही आदर्श वाटतो. त्यातला गॅरेट हा चोर समोरासमोरच्या झुंजीत फार टिकत नाही. पडद्याच्या तळाशी असलेल्या रत्नाच्या चमकेवरून आपण किती उजेडात आहोत ते कळतं. फरशीवर पावलं वाजतात, गालिच्यावर विरून जातात. पाण्याचा बाण मशाल विझवतो, शेवाळाचा बाण वाजणारी जमीन मऊ करतो. नियम मोजकेच, पण सगळीकडे सारखे. म्हणून अनोळखी हवेलीत शिरतानाही बेत आखता येतो. सर्वांत कठीण पातळीवर माणसाचा जीव घेतला की मोहीमच फसते. कसबी चोराला रक्ताचा डाग चालत नाही.

‘ड्यूस एक्स’ने (२००० साली) या विचाराला रुंदी दिली. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या बेटावर सुरुवातीलाच समोरचं दार आणि मागच्या बाजूने वर चढण्याची वाट, असे दोन्ही पर्याय खुले असतात.

अर्केनच्या ‘डिसऑनर्ड’ने (२०१२) निवडीला परिणाम जोडला. प्लेगने पोखरलेल्या डनवॉल शहरात जितके जास्त मुडदे पडतील, तितके उंदीर आणि रोगी वाढतात; शेवटची मोहीमही बदलते. लेडी बॉईलच्या मेजवानीत तीन बहिणी मुखवटे घालून वावरतात आणि त्यांतली नेमकी कोण आपलं लक्ष्य, हे दर खेळीला बदलू शकतं. पाहुण्यांशी बोलून, खोल्या धुंडाळून ते शोधावं लागतं. मात्र तिला न मारण्याचा मार्ग म्हणजे बेशुद्धावस्थेत तिच्या वेड्या चाहत्याच्या हवाली करणं. गेमच्या हिशेबात तो मार्ग सौम्य आहे. माझ्या मते तो क्रूर आहे. मुडदे मोजून नीती ठरत नाही, आणि या गेमचा हिशेब तिथेच तोकडा पडतो.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी लेव्हल कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्हने ‘हिटमॅन २’मध्ये (२०१८) रचली आहे. ती आहे मुंबईची. दाट वस्ती, कपडे धुण्याची जागा, रेल्वेयार्ड आणि अर्धवट उभा राहिलेला टॉवर. आपण मारायच्या तिघा लक्ष्यांपैकी चित्रपट निर्माता दाऊद रंगन आणि टोळीची म्होरकी वान्या शाह यांचे चेहरे ठाऊक असतात. तिसऱ्याचं, वझीर काळेचं, नाव कळतं पण चेहरा कळत नाही. गर्दीत मिसळून माग काढावा लागतो. न्हाव्याच्या वेशात वस्तरा हाती घेता येतो. दुसरा एक मारेकरीही तिथे दबा धरून असतो. त्याच्या नेमाच्या टप्प्यात लक्ष्य आणून सोडलं, की काम तोच करतो. इथे गर्दी हीच लपण्याची जागा आहे. मुंबईचं हे मर्म रचनाकारांनी अचूक हेरलं आहे.

अशा लेव्हलमध्ये घडवलेल्या वाटांपैकी बहुतेक खेळाडू पहिल्या खेळीत एखादीच पाहतात. उरलेल्यांवरचा खर्च वाया गेला, असं व्यवहारी माणूस म्हणेल. मला तो खेळाडूच्या बुद्धीवर टाकलेला विश्वास वाटतो. चालून झालेली वाट आपली वाटते, कारण दुसऱ्याही वाटा तिथे खरोखर होत्या. बाणाच्या खुणांमागे धावायला लावणाऱ्या आजच्या कितीतरी महागड्या गेमनी हा विश्वास पुन्हा शिकायला हवा.