इंजिन तापते केव्हा?

मे महिन्यात कसारा किंवा आंबोली घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की दोष उन्हाला दिला जातो. हिशेब मात्र वेगळा आहे. चालत्या इंजिनातला कूलंट साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसवर असतो. बाहेर ४२ अंश असले तरी उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरला पन्नासएक अंशांचा फरक मिळतोच. ऊन दोष निर्माण करत नाही, आधीच असलेला उघडा पाडते. तो शोधायचा तर तापमानाचा काटा किती चढला यापेक्षा केव्हा चढला, हे आधी विचारावे.

सिग्नलला काटा चढत असेल आणि गाडी पळू लागताच उतरत असेल, तर पंखा तपासावा. उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा खेचणारा तो एकटाच. त्याची मोटर, रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो. शहरात शांत राहणारी गाडी महामार्गावर तापते, तेव्हा हवेची कमतरता नसते. क्षारांनी चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला वॉटर पंप यांवर संशय जातो. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा लाल पट्टीकडे गेला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा. बाहेर थेंबही न गळता कूलंट घटत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. घाटात मात्र वेग कमी आणि भार जास्त, त्यामुळे तिथे सगळेच दोष एकदम डोके वर काढतात. निदान सपाट रस्त्यावरच्या वागण्यावरून करावे.

स्कॅनर असताना एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. स्कॅनर सेन्सरला जाणवलेले तापमान सांगतो, कारण नाही. कूलंट उतरून सेन्सर उघडा पडला, तर तो आकडाही फसवा ठरतो. आपल्या हवेत थर्मोस्टॅट हवाच कशाला, म्हणून तो काढून टाकण्याचा सल्लाही मिळतो. पण त्याविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, पेट्रोल जास्त जळते, झीज वाढते आणि चोंदलेला रेडिएटर तसाच राहतो. पाणी ओतून वेळ निभावते, हे खरे; मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडले, की दाब सुटून उकळता कूलंट अंगावर उसळतो. म्हणून इंजिन पूर्ण निवू द्यावे, आणि गॅरेजमध्ये ‘गाडी तापते’ एवढ्यावर न थांबता कुठे, कोणत्या वेगाला, एसी चालू असताना की बंद, हेही सांगावे. नाहीतर एकेक भाग बदलून पाहण्याचा खर्च मालकाच्याच माथी येतो.