गिजदुवानच्या फकिराची पाणचक्की

बुखाऱ्याची कलान मशीद 1514 सालची. तिला 288 घुमट, आणि शेजारी 1127 पासून उभा असलेला विटांचा मिनार. त्याच बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानहून निघालेले बाबा शाह मुसाफिर दख्खनेत येऊन स्थिरावले ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या काठी. त्यांच्या दर्ग्यालगत मशीद आहे, पण तिकडे फारसं कुणी वळत नाही. पर्यटक येतो तो पाणचक्की बघायला, आणि हौदातले मासे बघून परत फिरतो.

निळ्या फरशांचं समरकंद डोळ्यांपुढे ठेवून आलेला माणूस इथे हिरमुसेल. मध्य आशियाचा वारसा इथे घुमटात शोधू नये, पाण्यात शोधावा.

हरसूलकडून मातीच्या नळांतून पाणी येतं. वाटेतल्या मनोऱ्यांत ते वर चढतं, तिथे त्याचा दाब सावरला जातो आणि नळात कोंडलेली हवा सुटते. शेवटी ते उंचावरून 164 फूट लांब आणि 31 फूट रुंद हौदात कोसळतं. जात्याखाली आडवं चाक. त्याच्या पात्यांवर धार पडली की वरची तळी फिरते. बैल नको, माणूस नको. दळण व्हायचं ते तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, उतरलेल्या फकीर-प्रवाशांसाठी. खरी करामत मात्र हौदाच्या पोटात आहे: हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत! वैशाखात तिथला गारवा वाटसरूंना किती मोलाचा वाटत असेल, हे पांढरकवड्याच्या वाचकाला सांगायला नको.

हे सारं उभं राहिलं सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. तुर्कताज खान, जमील बेग खान ही बांधणाऱ्या सरदारांची नावंच तुराणी, म्हणजे मध्य आशियाई, वळणाची. औरंगजेबाच्या फौजेत असे तुराणी पुष्कळ होते. मुसाफिरांचे गुरू बाबा पलंगपोश हे नक्शबंदी पंथाचे; त्यांचा वावर गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या छावणीत असे. गाजीउद्दीनाचा मुलगा म्हणजे पहिला निजाम. त्याच घराण्याकडून 1853 मध्ये वऱ्हाड, आणि त्यात पांढरकवड्याचा मुलूख, इंग्रजांच्या ताब्यात गेला.

गुरू-शिष्य दोघांच्या कबरी याच आवारात आहेत. पुढे बाबा शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या, आणि 2001 मध्ये सायमन डिग्बी यांनी त्या इंग्रजीत आणल्या. दख्खनच्या मोहिमांमधला साधा तुराणी शिपाई बघायचा असेल, तर बखरींपेक्षा हे पुस्तक उघडावं.