जुन्या पिकअपला पेट्रोलचा वास येतोय? ‘चालते’ म्हणून सोडू नका. गळती कुठे आहे, कशी शोधायची, काय दुरुस्त करायचं ते वाचा

यवतमाळ : गाडी रात्री टिनाच्या शेडात लावली. सकाळी दार उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. खाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी. एक थेंब नाही. मग घरातलाच कोणी म्हणतो, “जुनी गाडी हाये, वास तर येतेच.” आणि विषय संपतो.

इथेच चूक होते. थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. पेट्रोल जसं पातळ गळतं, तशी त्याची वाफही गळते. वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण पेट घेते तीच. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. घराला लागून शेड, शेडाला लागून चूल, बाजूला कुटाराचा ढीग किंवा वेचून आणलेला कापूस. अशा ठिकाणी वाफ सोडणारी गाडी उभी करणं म्हणजे संकट घरी बांधून ठेवण्यासारखं आहे.

आधी हे ओळखा : गाडी कोणती?

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पिकअप डिझेलवर चालतात. डिझेलची वाफ कमी होते. डिझेल गाडीला वास येत असेल तर बहुतेक वेळा पाइप, फिल्टर किंवा रिटर्नच्या नळीतून डिझेलच झिरपत असतं आणि तिथे तेलकट डाग दिसतो.

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी आहे. मालासाठी वापरली जाणारी ओमनी, पेट्रोलवरचे छोटे हत्ती, सुपर कॅरीसारखे छोटे ट्रक यात येतात. अनेक सीएनजी गाड्यांतही पेट्रोलची टाकी असते, म्हणून त्यांनाही हे लागू आहे. मात्र वास पेट्रोलचा नसून सडक्या अंड्यासारखा असेल तर तो गॅसचा आहे. तिथे स्वतः हात लावू नका. गाडी मोकळ्यावर उभी करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सीएनजीचं काम करणाऱ्या अधिकृत केंद्राला कळवा.

वाफ जाते कुठे?

टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते आणि आत दाब वाढतो. ही वाफ बाहेर सोडायची नसते. टाकीच्या वरच्या भागातून एक बारीक नळी निघते आणि एका काळ्या डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात खास प्रकारचा कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू होऊन तापलं की पर्ज व्हॉल्व्ह नावाचा छोटा विजेवरचा व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं.

म्हणजे वाटेत झाकण, नळ्या, जोड, डबा आणि व्हॉल्व्ह असे पाच पहारेकरी आहेत. यातला एक जरी ढिला पडला तरी वास येतो. नव्या गाड्यांपैकी काही स्वतः बिघाड ओळखून दिवा लावतात. जुन्या गाडीत तो दिवा बहुधा लागणार नाही. पीयूसीतही हे सापडत नाही, कारण तिथे सायलेन्सरमधून येणारा धूर तपासतात. त्यामुळे तुमचं नाक हेच पहिलं यंत्र.

वास केव्हा येतो, त्यावरून जागा ओळखा

• टाकी फुल्ल केल्यावरच येतो, अर्धी झाली की जातो : टाकीच्या वरचा भाग पाहा. पेट्रोल पंपाखालचं रबरी पॅकिंग, वाफेची नळी किंवा पेट्रोल भरायच्या तोंडाची जाड रबरी नळी.

• झाकणाजवळ जास्त येतो : झाकणाचं रबर चिरलं किंवा कडक झालं.

• गाडी थांबवल्यावर, इंजिन गरम असताना इंजिनजवळ येतो : इंजिनकडे जाणारी पेट्रोलची नळी, इंजेक्टरची रिंग, किंवा जुन्या ओमनीत कार्ब्युरेटर.

• पेट्रोल भरून निघालं की गाडी लवकर स्टार्ट होत नाही, आयडलला धडधडते : पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता.

• चालत्या गाडीत वास वाढत जातो किंवा खाली ओलं दिसतं : हे वाफेचं काम नाही, पेट्रोलच गळतंय. गाडी तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, ढकलत न्यावी लागली तरी चालेल.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून पाच हात लांबची चूलही धोक्याची.

गाडी शेडातून बाहेर मोकळ्यावर घ्या. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची मायनस वायर काढा. बिडी, सिगारेट, चूल, ग्राइंडर, वेल्डिंग काहीच आसपास नको. उजेडासाठी एलईडी टॉर्च वापरा, वायर लावलेला बल्ब नको. कोरड्या वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. पोरांना लांब करा. आणि काडी लावून गळती पाहायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

तपासणी : स्वस्तापासून सुरुवात करा

१) झाकण : रबर बोटाने दाबून पाहा. लवचीक नसेल, चीर असेल तर त्याच गाडीचं झाकण आणा. झाकण हरवलं म्हणून पन्नी बांधणं किंवा फडकं कोंबणं ही आपल्याकडची जुनी सवय. पेट्रोलने भिजलेलं फडकं म्हणजे तयार वात असते.

२) नळ्या : तोंडापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून डब्यापर्यंत प्रत्येक नळी हाताने वाकवून पाहा. चीर बहुतेक वेळा वळणावर किंवा क्लॅम्पच्या कडेला असते. धान्य किंवा ढेप वाहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली नळीही सापडते. चिखल धुऊन, जागा कोरडी करून मगच पाहा.

३) साबणाचं पाणी : टाकी भरलेली आणि ऊन तापलेलं असताना आत थोडा दाब असतो. तेव्हा जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर जागा सापडली. नाही आले तरी गळती नाही असं समजू नका, कारण हा दाब फार कमी असतो.

इथे एक मोठी चूक होते. टायरच्या दुकानातली हवा टाकीत सोडून गळती शोधणं. ही सगळी यंत्रणा अगदी हलक्या दाबासाठी बनलेली असते. कॉम्प्रेसरच्या हवेने टाकी फुगते, फाटते, जोड निखळतात. वाफ आणि हवा मिसळल्याचा धोका वेगळाच. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये हलक्या दाबाने धूर सोडून गळती दाखवणारं मशीन असतं. घरी सापडत नसेल तर तिथे न्या.

४) पर्ज व्हॉल्व्ह : तो काढून गाडीपासून लांब न्या. वीज नसताना तो बंद असायला हवा, म्हणजे हातपंपाने हवा दिली तर पलीकडे जाता कामा नये. हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह बदला. तोंडाने फुंकू नका, आत पेट्रोल असतं.

५) कॅनिस्टर : डबा हलवल्यावर आतून पेट्रोल टपकलं तर तो वाया गेला. धुऊन किंवा उन्हात वाळवून नीट होत नाही. याचं मुख्य कारण एकच : पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही “अजून शंभरचं टाका” म्हणणं. मग वाफेच्या वाटेने पेट्रोलच डब्यात शिरतं. काही ठिकाणी डबाच काढून नळी मोकळी सोडतात. त्याने खर्च वाचतो, पण सगळी वाफ गाडीखाली जमा होते.

दुरुस्ती करताना

नळी इंधनासाठीचीच घ्या. फवारणी पंपाची किंवा पाण्याची नळी पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि पुन्हा गळते. तार पिळून बांधू नका, स्क्रूचा क्लॅम्प लावा. टाकीवरचं पॅकिंग बदलायला टाकी उतरवावी लागते. ते काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, आणि आधी टाकीतलं पेट्रोल कमी होऊ द्या.

टाकीला भोक असेल तर एम-सील हा गावापासून शहरापर्यंत पोहोचण्याइतकाच उपाय. टाकीला वेल्डिंग मारायला देऊ नका. “टाकी रिकामी केली ना, आता काय होते?” असं वाटतं. उलट रिकामी टाकी जास्त घातक असते. पेट्रोल काढलं तरी वाफ आत राहते, तिला हवा मिळते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. टाकी बदलणं महाग वाटतं, पण वेल्डिंग करणाऱ्याच्या जिवापेक्षा नाही.

आणि २० टक्के इथेनॉलचं काय?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे बनवले जातात. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि पॅकिंग लवकर बदलावे लागू शकतात, असं केंद्र सरकारनेही म्हटलं आहे. म्हणून जुनी गाडी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला सगळ्या रबरी नळ्या एकदा दाखवून घ्या.

कापूस भरण्याआधी

हंगामात हीच गाडी जिनिंगला कापूस घेऊन जाते. कापूस ठिणगीला थांबत नाही. वास येणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत कापूस, कुटार, बारदाना भरू नका आणि माणसंही बसवू नका.

दुरुस्तीनंतर टाकी नोझल बंद होईपर्यंतच भरा. दोन रात्री गाडी मोकळ्यावर लावा आणि सकाळी नाकाने तपासा. वास नसेल तरच शेडात घ्या.

आग लागलीच तर पेट्रोलवर पाणी टाकू नका, आग पसरते. सुरुवातीची छोटी आग वाळू किंवा पावडरने दाबा. आटोक्यात येत नसेल तर माणसं लांब करा आणि ११२ किंवा १०१ वर फोन लावा. गाडी पुन्हा घेता येते.